रक्तातली राखण

सगुणाबाई ढेबे यांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. मुळशीच्या धरणापलीकडे डोंगरात जी वरची वाडी आहे, तिथल्या त्या धनगरीण. त्यांनी माझ्या टाचेतला काटा काढला. घरात नवरा कण्हत पडलेला असताना मला, परक्या माणसाला, घोंगडीवर बसवून दूध प्यायला दिलं. मी मूळचा दारव्ह्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोटासाठी पुण्याला आलो. इकडे माझं असं कुणी नाही. म्हणून कुणी आपुलकीनं विचारलं की ते माझ्या फार दिवस लक्षात राहतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांची दुखणी हा काही चार जणांनी चघळायचा विषय नाही.

पाण्यावरून

पानशेतचा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. मी एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतो, बर्फाची पेटी सांभाळतो. आमचे देवस्थळी डॉक्टर म्हणाले, "मुळशीला रक्त गोळा करायला जायचंय. पेटी तू धर." मी पेटी धरली ती परत येईपर्यंत जवळपास सोडलीच नाही. बर्फ वितळला तर काय, नळ्या फुटल्या तर काय, या विचारानं एस.टी.तला प्रवास कसा झाला ते मला आठवतसुद्धा नाही.

धरणाशी उतरल्यावर होडी. म्हातारा नावाडी माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बघून म्हणाला, "पाव्हनं, नवरी हाय का काय पेटीत? लई जपताय."

"बर्फ आहे."

"मग लगीन लवकर उरका. नवरी वितळून जाईल."

आमच्याबरोबर आलेले कंपाउंडर हसले. मला हसायला आलं नाही, कारण पेटीच्या खालून खरंच पाणी ठिबकत होतं.

पाणी बरंच उतरलं होतं. काठाजवळ जुन्या बांधांच्या रेघा दिसत होत्या. नावाड्यानं वल्हं थांबवून दाखवलं, "ती आमची खाचरं. माझा बा हितं भात लावायचा." एवढं बोलून तो पुन्हा वल्हवायला लागला. समोरच्या उतारांवर दाढ भाजायचं काम चाललं होतं. आमच्याकडे पेरणीआधी शेत नांगरून तापू देतात. इकडे पालापाचोळा, शेण पसरून जमीनच भाजून काढतात, आणि त्या राखेत भाताची रोपं करतात. धूर पाण्यावर येऊन बसला होता. डोळे चुरचुरत होते.

होडीत देवस्थळी साहेबांनी मला समजावलं. मला कळलं तेवढं सांगतो. या डोंगरातली माणसं अनवाणी चालतात. काटा सगळ्यांनाच लागतो. मातीत, काट्यावर एक जातीची बुरशी असते, ती काट्याबरोबर पायात शिरते. पाय हळूहळू सुजतो, गाठी येतात, गाठी फुटतात, त्यातून पू आणि बारीक दाणे येतात. वर्षानुवर्षं चालतं, हाडापर्यंत जातं. पण हे होतं एखाद्यालाच. बाकीच्यांचं काय?

"देवी टोचल्या की शरीर शिकतं, हे तुला माहीत आहे," साहेब म्हणाले. "पण काही राखणदार न शिकवताच रक्तात असतात. त्यांना नैसर्गिक प्रतिद्रव्यं म्हणतात. एकाचं रक्त दुसऱ्याला चालत नाही, गोळा होतं, ते त्यांच्यामुळेच. आपण जन्मात दुसऱ्याचं रक्त घेतलेलं नसतं, तरी ते तयार असतात. तसेच राखणदार या बुरशीसाठीही असतील का, ते मला बघायचंय. धडधाकट माणसाचं रक्त गोठल्यावर वर जे पाणी सुटतं, ते बुरशीत घातलं, तर काही नळ्यांत ती वाढायची थांबते. काहींत थांबत नाही."

"माझ्यात असतील का साहेब?"

"न बघता कसं सांगू?"

 त्या दिवसापासून मी माझ्या तळपायाकडे जरा जास्तच बघायला लागलो.

देवळाच्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी साहेब वाटाड्या घेऊन वाड्या-वाड्या फिरले आणि पाय बघून नावं लिहून घेऊन आले. आजाऱ्यांची वेगळी, निरोग्यांची वेगळी. मी खाली देवळात पेटीजवळ राहिलो. संध्याकाळी आबांनी, म्हणजे गावकीचं बघणाऱ्या म्हाताऱ्यांनी, पारावर उभं राहून हाळी दिली, "उद्या डाक्टरला रगत द्यायचं हाय! घरटी एक मानूस या!"

साहेबांना हसू आलं. म्हणाले, "बरं झालं, लोक येतील तरी."

ही घरटी एक माणसाची पद्धत मला फार आवडली. पावसानंतर पायवाट नीट करायची, देवळाचं छप्पर शाकारायचं, रानाला वणवा लागला तर विझवायचा, सगळ्याला घरटी एक. एखाद्या घरातला माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर त्याचा भाऊ नाही तर मेहुणा जातो आणि त्याची पाळी भरून येतो. पाळी भरली की त्या घराला कुणी बोलायचं नाही. आमच्या गावात असलं काम पाटलाच्या वाड्यावरून हुकूम आला की व्हायचं, आणि लोक ते शिव्या देत करायचे. इथे लोक चेष्टा करत येत होते.

सकाळी साहेब आत देवळात मांडामांड करत होते; ओसरीवर कंपाउंडर यादीतलं नाव पुकारायचे, "हाय!" म्हणत एक दंड पुढे यायचा, सुई जायची. भरलेल्या नळीवर नाव चिकटवून ती बर्फात ठेवायचं काम माझं. माझी मान खालीच. मला दंडच दिसत होते, सगळे उन्हानं करपलेले, एकासारखे एक.

"घ्या, घ्या, काकाचं घ्या, त्यात ताडीबी मिळंल," कुणीतरी म्हणालं.

"तुज्यात तर ताकच निघंल की रं!"

दुपारी एका बाईनं नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून दिली. काळी भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं ती जड वाटली, पण पोट भरलं. मी बाईला इतक्यांदा "फार उपकार झाले" म्हटलं की ती म्हणाली, "खावा की मुकाट. भाकरीच हाय, सोनं न्हाई."

वरची वाडी

त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन वर निघाले. कोंडिबा ढेबे म्हणून एक जण होता. त्याचा पाय सगळ्यांत वाईट. त्याच्या जखमेतले दाणे फडक्यावर घ्यायचे होते.

चढ उभा. करवंदीच्या जाळ्या दोन्ही अंगांनी वाटेत घुसलेल्या. निम्म्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन पुढे निघालो, आणि काही पावलांतच टाचेत काटा गेला. असा खोल की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिथंच बसलो. माझ्या मनात एकच आलं, गेली बुरशी आत.

वरून शेरडं घेऊन एक बाई उतरत होती. तिनं विचारलंसुद्धा नाही. खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला, कमरेचा चिमटा काढला. इकडे शेरडं राखणारी माणसं कमरेला लोखंडी चिमटा अडकवूनच हिंडतात. आमच्याकडे काट्यानंच काटा काढतात.

"काऊन, लय खोल आहे का?" मी घाबरून विचारलं.

"काऊन? ही कुठली बोली वो?" बाई हसली. "हलू नगा. पुरुष मानूस, आन् पाय कसा कापतुया बघा!"

काटा निघाला. साहेबांनी बाईला ओळखलं, कारण आदल्या फेरीत ते तिच्याच घरी जाऊन आले होते. याच सगुणाबाई. त्यांनी शेरडं शेजारणीच्या स्वाधीन केली, मला धरून घरी नेलं, बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावलं आणि वाटीभर दूध दिलं. बिब्बा आमच्या रानातही असतो. त्या चटक्यानं मला एकदम घराची आठवण झाली.

आत कोंडिबा पडला होता. पायाकडे मी आधी बघितलंच नाही. वास आला तेव्हा बघितलं. घोट्याच्या खाली पाऊल असं राहिलंच नव्हतं, नुसता गाठींचा गोळा होता. अंगात तापही होता. त्याचा चेहरा मात्र शांत.

"या, डाक्टर," तो म्हणाला. "आज पाव्हनं बी आनलं जनू."

साहेबांनी पांढऱ्या फडक्यावर पू टिपला आणि दारात उजेडाला नेला. फडक्यावर दाणे होते, बारीक मोहरीसारखे काळे. साहेब बराच वेळ बघत राहिले. मला हळू म्हणाले, "दुसऱ्या रंगाचे असते तर औषधानं काही झालं असतं. काळे म्हणजे बुरशीच. हिच्यावर आज तरी औषध नाही."

मग कोंडिबाजवळ बसून त्यांनी सरळ सांगितलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. आता त्यात दुसरं विषही भरलंय, ताप त्याचाच आहे. थांबलं तर जीव जाईल.

कोंडिबा आढ्याकडे बघत राहिला. सगुणाबाईच बोलल्या. "डाक्टर, आमी दोघं एकाच रानात हिंडतो. मला काय कमी काटं लागलं? मग ह्यांनाच का?"

साहेबांनी त्यांनाही राखणदारांचं सांगितलं, होडीत मला सांगितलं तसंच.

"म्हंजी माज्या रगतात राखन हाय, ह्यांच्यात न्हाई?"

"तसं असेल. नक्की माहीत नाही."

"मग माजं रगत ह्यांना घाला."

साहेबांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "राखण म्हणून उपयोग नाही बाई, वेळ निघून गेलीय. पण पाय काढताना रक्त जाईल. तेव्हा द्यायला तुमचं जुळतंय का बघू. त्यांच्या रक्ताबरोबर ते गोळा झालं नाही पाहिजे." आणि कोंडिबाला विचारलं, "तुमचं रक्त काल घेतलंय ना?"

"व्हय की," कोंडिबा म्हणाला. "काल भरली आमची पाळी."

"मग आता पुन्हा सुई नको. अंगात आधीच थोडं उरलंय."

हे त्याच्या कळवळ्यानंच म्हणाले ते. मी ऐकलं आहे.

सगुणाबाई आमच्याबरोबर खाली आल्या. मी लंगडत होतो, तर चप्पल आणि पिशवी त्यांनीच घेतली. देवळात साहेबांनी हातात मावेल अशा चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीवर कोंडिबाच्या नावच्या नळीतलं पाणी टाकलं, त्यात सगुणाबाईंच्या रक्ताचा थेंब कालवला आणि फरशी हलवत राहिले. गोळा झाला नाही. रक्त एकसारखं, गुळगुळीत पसरलेलं.

"जुळलं," साहेब म्हणाले.

सगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आबा म्हणाले, "डाक्टर, आमचंबी बघा की. चार गडी संगं नेवा पुन्याला. घरटी एक निघंल."

"नको आबा, एकाचं जुळलंय तेवढं पुरे. दाढ भाजायचे दिवस, माणसं कशाला अडकवता?"

परत पाण्यावरून, आणि पुढं

डोलीतून कोंडिबाला उतरवलं. त्याचा धाकटा भाऊ रामा शेरडांमागून येऊन पोचला तो डोलीला खांदा द्यायलाच. होडीत नावाड्यानं या खेपेला कोंडिबाला पाय पसरायला जागा करून दिली. कोंडिबा पाण्याकडे बघत होता. सगुणाबाईंनी त्याच्या अंगावर घोंगडी घातली होती, ऊन असूनही. "तितं फरशीवर गार लागंल," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या सकाळी तिथल्या रिवाजाप्रमाणे कोंडिबाचं ताजं रक्त काढून पुन्हा जुळवणी केली. साहेब तिथंच होते, मी त्यांच्या मागे. सगुणाबाईंच्या रक्ताचा थेंब टाकला, फरशी हलवली, आणि बघता बघता त्याच्या गुठळ्या झाल्या. फाटलेल्या दुधासारख्या.

साहेबांनी फरशी पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग हाताशी होतो त्या सगळ्यांचं बघितलं. साहेबांचं, कंपाउंडरचं. मी बाही वर करून दंड पुढे केला. मनात म्हणत होतो, काटा काढला बाईनं, एवढं तरी जुळू दे. माझं सगळ्यांत लवकर गोळा झालं.

रामा व्हरांड्यात उकिडवा बसला होता. साहेबांनी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "माजं बघितलंय की. देवळात दिलंच हुतं मी."

"तुझं नाव यादीत नव्हतं."

"दादाच्या नावानं दिलं. दादाला उतरवतंय कोन डोंगराखाली? दादाची पाळी मी भरली. घरटी एक म्हनलं हुतं आबानं."

म्हणजे कोंडिबाच्या नावाच्या नळीत रक्त होतं रामाचं, आणि सगुणाबाईंचं जुळलं होतं ते त्याच्याशी. रामाला कळेना आपलं काय चुकलं. "दादाचं एवडंसं अंग, त्यातनं काय रगत काडायचं?" तो सगळ्यांकडे बघत म्हणाला. "म्या दिलं. माज्यात लई हाय."

साहेब त्याला रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, आणि थोड्या वेळानं उठून त्याचंही बघितलं. गोळा झालं.

सगुणाबाईंना मीच जाऊन सांगितलं. साहेब येत होते, पण मला वाटलं, माझ्या तोंडून बरं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्यांच्या रगतात राखन हाय."

"आहे, पण वेगळी. दुसऱ्याचं रक्त अडवणारी."

"बुरशी आली तवा निजली हुती व्हय ती? आन् मी आली तर काठी घिऊन उबी!"

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. 

जुळणारी एकच बाटली रुग्णालयात निघाली. गावाकडे निरोप धाडला, पण माणूस जायचा, पाणी ओलांडायचं, डोंगर चढायचा. सर्जन म्हणाले, ताप चढतोय, थांबता येणार नाही. पाय काढला. बाटली दिली. ती पुरली नाही. कोंडिबा शुद्धीवर आला, शेरडं कुणाकडं ठेवली असं त्यानं विचारलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेला.

आबा पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बरोबर वाडीतली माणसं होती, दाढ भाजलेल्या राखेनं पाय काळे झालेले, पाणी ओलांडून आणि उरलेलं चालत आलेली. रुग्णालयाच्या आवारात ती ओळीनं उभी राहिली. आबांनी मला बघितलं आणि लांबूनच म्हणाले, "पाव्हनं, आनलीत मानसं. घरटी एक. सांगा डाक्टरला, कुनाचं जुळतंय बघा."

एकानं तर बाहीसुद्धा वर करून ठेवली होती.

आता

परत आल्यापासून मी रोज टाच बघतो. काट्याची खूण गेली. सूज नाही. साहेब म्हणतात, एवढ्यात कळत नसतं, पण घाबरू नकोस. साहेब आता गावोगावी आजाऱ्याचं रक्त त्याच्या अंथरुणाशी बसून स्वतः घेतात. सगुणाबाईंच्या रक्ताचं पाणीही त्यांनी नळीतल्या बुरशीत घालून बघितलं. ती बुरशी वाढायची थांबली, तळाशी बसून राहिली. मी स्वतः पाहिलं. मी आनंदानं विचारलं, "म्हणजे बाईंना भीती नाही ना?" साहेब म्हणाले, "नळीतलं पायात खरं होईलच असं नाही. कुणाला असं वचन देऊ नकोस."

म्हणून ते वचन देत नाही. दुसरं देतो.

गावी निघताना सगुणाबाई कोंडिबाची घोंगडी घडी करत होत्या. रामाकडं बघून म्हणाल्या, "त्येला कुनी बोलू नगा. त्येनं भावाचंच केलं." मी म्हटलं, "आता शेरडांमागं तुम्हालाच हिंडायचं. तुमच्या पावलाचं माप द्या, वहाणा आणतो."

"आमाला कशाला वहाना? शेरडं हसत्याल."

मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी घोंगडीच्या काठाला लोंबणारी एक दशी तोडली, फरशीवर पाऊल टेकवलं, आणि मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत ती धरून गाठ मारली. तळव्याला भेगा होत्या, जुन्या काट्यांच्या खुणा होत्या. पाऊल लहान होतं. माझ्या टाचेचा काटा काढणाऱ्या माणसाचं पाऊल इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

ती दशी माझ्या ट्रंकेत आहे. सध्या पाऊस आहे, होडी बंद आहे. सगुणाबाई, पाणी निवळलं की मी येतो. जाड तळाच्या करून आणीन. वाटेत त्या करवंदीच्या जाळीपाशी थांबा, चढ मला एकट्याला जमायचा नाही.